मारामारीतला सहभाग

"तुमच्या मुलीचा मारामारीत सहभाग होता," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मुलगी शेजारच्याच खुर्चीत बसली होती. नाकात कापसाचा बोळा, वरचा ओठ टम्म सुजलेला. आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हिने हात उचलला?"

"नाही."

"मग सहभाग कसला?"

"मार हिनेच खाल्ला ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकीने मारलं, एकीने खाल्लं, झाली मारामारी. आमच्याकडे शून्य माफी आहे. दोघी आठवडाभर घरी बसतील. का मारलं, कुणाचं चुकलं, हे आम्ही विचारतच नाही. त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही."

आईला हसूच आलं असतं, पण लेकीच्या नाकातला कापूस पुन्हा लाल होत होता. आईचा धंदा सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचा. माणूस बघण्याआधी त्याची खुर्ची बघायची तिची खोड. बाईंची खुर्ची वरून चकचकीत, आतला फोम मात्र हलक्यातला. बाई जरा हलल्या की ती फुस्स करायची. मागे भिंतीवर कॅमेऱ्यांचे पडदे होते. त्यात रिकामा जिना दिसत होता, रिकामं मैदान दिसत होतं. या शाळेत कंपासपेटीतल्या कर्कटकालासुद्धा बंदी होती, त्याला टोक असतं म्हणून. पोरांनी दात घरी काढून ठेवून यावं, एवढाच नियम करायचा राहिला होता.

"अकलेलाही बंदी आहे का?" हे तिच्या अगदी ओठावर आलं. पण लेकीने तिचा हात दाबला. आई उठली.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊनच तिने दुकान उघडलं. समोरच्या बसथांब्यावर एक उंच मुलगी बसली होती. अंगात गणवेश, मांडीवर दप्तर. बस येत होत्या, जात होत्या. ती जागची हलत नव्हती.

"तीच ती," लेक दाराआडून म्हणाली. "मला मारलं ती."

आईने हातातली कात्री ठेवली आणि रस्ता ओलांडला. पोरीला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच ती निघाली होती.

"शाळेने घरी बसायला सांगितलं ना? मग इथे काय करतेस?"

"घरी माहीत नाही," मुलगी खाली बघत म्हणाली.

वडील ट्रक घेऊन लांब गेले होते. ती आत्याकडे राहायची, आणि आत्याला कळलं असतं तर शाळा कायमचीच सुटली असती. शाळेने वडिलांच्या बंद फोनवर एक मेसेज टाकला आणि हात झटकले. तेरा वर्षांची पोर दिवसभर जाईल कुठे, हे नियमात बसत नव्हतं.

आईचा राग काही गेला नव्हता. पण एवढ्याशा पोरीवर राग काढायला शाळा समर्थ होती.

"चल," ती म्हणाली. "उन्हात बसून डोकं आणखी फिरेल."

दुकानात दोघी दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसल्या. आईने मध्ये एक जुना सोफा ओढला. एकीने धरल्याशिवाय दुसरीला त्याचं कापड ओढता येत नाही. नाइलाजाने एकीने धरलं, दुसरीने ओढलं. बराच वेळ पिना उपसण्याचाच आवाज होता.

मग लेक म्हणाली, "आई, हिला सगळे शिडी म्हणतात. मी पण हसायचे."

"नुसती हसायची नाहीस," उंच मुलगी म्हणाली. "ते नाव तूच पाडलंस."

आईचा हात थांबला.

"खरं?"

लेकीची मान खाली गेली.

"मग काल बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

आईला ते चांगलंच झोंबलं. शाळेला नावं ठेवत ती घरी आली होती, पण 'तिने का मारलं' हे तिनेही लेकीला विचारलं नव्हतं. पोरीचा सहभाग होता तर. आणि तो शोधून काढल्याच्या तोऱ्यात वावरणाऱ्या शाळेला त्याचा पत्ताच नव्हता.

लेक पिना उपसत राहिली. शेवटी पुटपुटली, "माझं चुकलं."

"नाक दुखतंय?" उंच मुलीने विचारलं.

"हो."

"दुखू दे थोडं."

आणि दोघींनाही हसू फुटलं.

संध्याकाळी आई स्वतः आत्याकडे जाऊन बोलली आणि पोरीची शाळा सोडवणार नाही, असा शब्द घेऊन आली. त्यानंतर आठवडाभर त्या दोन गुन्हेगार मुली हातोडी, पक्कड, दाभण आणि वीतभर पात्याची कात्री घेऊन एकाच सोफ्याला भिडलेल्या असायच्या. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

दोघींची शाळा पुन्हा सुरू झाली त्याच दिवशी दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन आला.

"मारामारी केलेल्या मुलींनी एकमेकींच्या जवळ यायचं नाही, असा नियम आहे. आज दोघी एका बाकावर बसल्या. मधल्या सुट्टीत गळ्यात गळे घालून फिरत होत्या."

"भांडल्या का?"

"नाही. पण भांडू शकतात."

"अहो, मिटलंय त्यांचं."

"ते आमच्याकडे कुठेही नोंदलेलं नाही. दोघींना आत्ताच्या आत्ता घरी पाठवावं लागेल."

पलीकडून बाईंच्या खुर्चीने फुस्स केलं.

"पाठवा," ती म्हणाली. "फक्त एकेकटीला सोडू नका, बरोबरच सोडा. एकमेकींची सोबत असली की रस्त्यात मला काळजी नसते."