घरबसल्या अल्मोडा

“पायऱ्यांवर बसलेत ना दोघं, ते जरा जवळून दाखवा,” मनोहर हिंदीत म्हणाला.

लॅपटॉपवरचं चित्र पुढे सरकलं. अल्मोड्याच्या बाजारात, मिठाईच्या दुकानाबाहेर दोन म्हातारे चहा पीत बसले होते. मनोहरने दोघांचे चेहरे नीट पाहिले आणि पुढे चला म्हटलं.

इथे अमेरिकेत, कॅरीत सकाळचे आठ वाजले होते, तिथे उन्हं उतरत होती. दीपा नावाची गाइड कॅमेऱ्यासमोर चालत माहिती सांगायची, फोन धरायला बरोबर एक जण असायचा. घरबसल्या हिमालय, अशी तिची जाहिरात होती. गेल्या तीन दिवसांत नंदादेवीचं देऊळ झालं, कसारदेवी झाली, सूर्यास्ताचा पॉइंट झाला. मनोहरने एकाही शिखराचं नाव विचारलं नव्हतं. त्रिशूळ ढगांतून बाहेर आलं तेव्हा त्याने खालच्या पार्किंगमधली माणसं दाखवायला सांगितली. असलं गिऱ्हाईक दीपाला पहिल्यांदाच भेटलं असावं.

मनोहरला शिखरं नको होती, त्याला केदार हवा होता.

मेडिकलचं शेवटचं वर्ष सोडून मुलगा सहा वर्षांपूर्वी घरातून गेला. या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस, असं मनोहर तेव्हा रागाच्या भरात म्हणाला होता. बापाचं आजवर काही न ऐकणाऱ्या पोराने नेमकं तेवढं ऐकलं. मग तो ऋषिकेशला असल्याचं कळलं. मनोहरने फोटो देऊन माणूस पाठवला, तर केदार दुसऱ्याच दिवशी तिथूनही नाहीसा झाला. या एप्रिलमध्ये शेजारची नीना अल्मोड्याला फिरून आली. तिच्या एका फोटोत मागे एक उंच, दाढीवाला मुलगा होता. चेहरा अर्धाच दिसत होता, पण मनोहरची खात्री पटली. दीपाचा नंबरही त्याने नीनाकडूनच घेतला.

या खेपेला बोभाटा करायचा नव्हता. म्हणून त्याने आपलं नाव शैलेंद्र सांगितलं आणि स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला. स्वतः जाणं शक्यच नव्हतं. त्याच्या बायकोचं, विनीताचं, हार्टचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं. झडप बदलायची होती आणि डॉक्टरांनी धोका आडपडदा न ठेवता सांगितला होता. त्याआधी तिला एकदा मुलाचा आवाज ऐकवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ते जमलं नाही तर तिच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, हे त्याला कळत नव्हतं.

विनीता मात्र स्क्रीनकडे बघायचीच नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची. “तुम्ही बघा. मी ऐकते,” म्हणायची.

पहिल्या दिवशी मनोहर नमस्ते म्हणाला आणि चित्र एकदम कलंडलं. आधी आकाश दिसलं, मग जमीन. भैयाचा पाय घसरला, असं दीपाने हसून सांगितलं. तेव्हापासून विनीताने एकच धोशा लावला होता. चढ आला की मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायची, त्या मुलाला धाप लागलीय, बसवा त्याला, पाणी द्या. मनोहर चिडून माइक बंद करायचा. आपला मुलगा सापडेना आणि हिला परक्याच्या पोराचा पुळका. वर या चार दिवसांत ती पोटभर जेवायला लागली होती, त्याचाही त्याला राग येत होता.

आज टूर संपणार होती. बाजारातून निघून गाडी चितईच्या देवळाशी आली. गोलू देवतेचा नवस फेडताना बांधलेल्या हजारो घंटा कमानींवर, कठड्यांवर लटकत होत्या. दीपा त्यांची गोष्ट सांगत होती. मनोहर गर्दी बघत होता.

“थांबा,” तो म्हणाला. “तो निळ्या जॅकेटवाला. त्याच्या मागे चला.”

चित्र जागचं हललं नाही.

“लवकर, प्लीज.”

दीपाने कॅमेऱ्याच्या जरा वर पाहिलं आणि मान हलवली. चित्र निघालं, घंटांच्या रांगांखालून, माणसांना चुकवत. पाठमोरा माणूस उंच होता. चालताना डावा खांदा किंचित झुकत होता, अगदी केदारसारखा. मनोहर स्क्रीनवर वाकला. त्याने विनीताला हाक मारली, इकडे ये, बघ, म्हणाला. ती उठली नाही.

निळं जॅकेट वळलं. कुणीतरी पन्नाशीचा प्रवासी होता. बायकोला मोबाइलमध्ये काहीतरी दाखवत होता.

मनोहर खुर्चीत मागे टेकला. आता शोधायला काही उरलं नव्हतं. टूर इथेच थांबवा, असं त्याने दीपाला सांगितलं. ती म्हणाली, आकाश मोकळं आहे, उद्याही या, वेगळा पॉइंट दाखवते.

“उद्या नाही जमणार,” तो म्हणाला. “उद्या माझ्या बायकोचं हार्टचं ऑपरेशन आहे. कठीण आहे.”

हे बोलायचं ठरलं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

चित्र झुकत झुकत खाली गेलं. फरशी दिसली, फरशीवर दोन अनवाणी पाय दिसले. लांब कुठेतरी एक घंटा वाजली आणि मग फक्त कुणाचा तरी जड श्वास ऐकू येत राहिला.

कॉल बंद करायला मनोहरने हात पुढे केला. तो हात विनीताने धरला. ती खुर्चीतून कधी उठून आली, ते त्याला कळलंही नव्हतं. ती लॅपटॉपवर वाकली.

“हात भरून आला असेल रे तुझा, केदार,” ती म्हणाली. “फोन आता दीपाकडे दे.”