तांब्याचा आवाज

"आई, हाच घेऊ. बाबांना वाकायला नको," दुकानातला चकचकीत शॉवर दाखवत लेक म्हणाली.

मी तो बाजूला सारला. "नको. बादलीच बरी."

"अगं, पण का?"

"मागे हे न्हाणीघरात कोसळले, तेव्हा तांब्याचा आवाज थांबला म्हणून मी धावले. शॉवर तर माणूस पडल्यावरही चालूच राहील. मी आपली बाहेर कणीक मळत बसेन."

दुकानदाराने दुसरा शॉवर हातात दिला. खटका दाबून धरला तरच त्यातून पाणी येत होतं. हात सुटला की बंद.

आज हे पहिल्यांदाच तो घेऊन आंघोळीला बसले. मध्येच पाणी थांबलं. कणकेच्या हातांनीच मी दार बडवलं. "अहो!"

आतून हे म्हणाले, "साबण लावतोय. आहे मी."