रिपोर्टातला दुसरा नंबर

विमानतळावरच्या लाउंजवालं भारी कार्ड आपल्याला मिळेल का, हे अर्ज करण्याआधीच बघावं म्हणून नवऱ्याने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट उघडला. चष्मा सापडेना. मी त्याच्या ऑफिसच्या बॅगेला हात लावला, तर म्हणाला, “तिथे नाहीये. तूच वाच.”

“स्कोअर आठशे बारा.”

“मग कार्ड मिळालंच समज.”

खाली त्याने बँकांना दिलेले मोबाइल नंबर होते. पहिला मला पाठ. दुसरा मी कधी पाहिलाच नव्हता.

“हा कुणाचा?”

“बँकेची चूक असणार.”

“चूक असेल तर अर्ज अडकेल. विचारूनच घेते,” म्हणत मी तो नंबर लावला.

बॅगेत फोन वाजू लागला. नवरा जागचा हलला नाही. मीच बॅग उघडली. चष्मा त्या फोनच्या शेजारीच होता.