तिच्या नावाची गिटार

तळवलीतल्या नावाजलेल्या गिटारच्या कारखान्यात खंडेनवमीची पूजा आटोपली. करवतीच्या मशीनवर झेंडूचा हार होता आणि भिंतीशी दुकानांतून परत आलेल्या गिटारींची थप्पी. ऑर्डरींच्या घाईत ग्लू वाळायच्या आधीच तारा चढवल्या, म्हणून तारा धरणारे ब्रिज उखडत होते. बँक टाळं ठोकायच्या बेतात होती. “पुन्हा चिकटवून दिवाळीत खपवू,” मालक आबा लेकीला म्हणाले, “पगार तरी निघतील.” “पगारासाठी माझा फ्लॅट विकते,” म्हणत राजलक्ष्मीने हार उतरवला. पॉलिशवाली काशीमावशी कळवळली, “ताय, आज हत्यार चालवत नाय!” राजलक्ष्मीने मशीनला हात जोडले आणि पहिली गिटार पात्यापुढे धरली. “अगं, तुझ्या बारशाला काढलेलं मॉडेल! तुझंच नाव कोरलंय त्यावर!” “म्हणूनच, आबा.” गिटारीचे दोन तुकडे झाले. आबांनी दुसरी उचलली, ब्रिजवर अंगठा दाबला. तो अलगद निखळला. ते म्हणाले, “हीपण काप.”