फॉल्स सीलिंगच्या वर

"मॅडम, हे बघा," म्हणत चिमणी साफ करायला आलेल्या माणसाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याने पाइपात सोडलेला कॅमेरा फॉल्स सीलिंगच्या वर पोचला होता, आणि पाइप तिथेच संपला होता. बाहेर जायला भिंतीत भोकच नव्हतं.

सहा वर्षं घरभर ठसका उठला की सासूबाई म्हणायच्या, "हिला फोडणी जमतच नाही." त्यावर नवरा मान डोलवायचा.

आता तोच पुटपुटला, "सोसायटी भिंत फोडू देईना. मीच फिटरला म्हटलं, सोड आतच."

म्हणजे याला माहीत होतं! मी कढईत तेल तापवलं आणि चिरलेल्या मिरच्या त्याच्या हातात कोंबल्या. "घाल फोडणी."

दोन मिनिटांत सासूबाई खोकत आल्या. "अगं, काय हे!"

"मला नका विचारू. पाइप तुमच्या मुलाने बसवून घेतला, आज फोडणीही त्यानेच घातलीय."