राखणदाराचा वाघ

आंबोली घाटाखालच्या आमच्या वाडीत अधूनमधून आनंदीवहिनीची एखादी कोंबडी नाहीशी व्हायची. “वाघान नेल्यान. गावच्या राखणदार देवाचो वाघ तो, त्येका गाळी घालू नको गो,” अशी तिचा नवरा गुणाजी तिची समजूत घालायचा. कोंबडी गेली की बिचारा दुःखानं रात्री जेवायचाही नाही.

२०१० साली डोंगरात कुठकुठली जनावरं आहेत ते डीएनएवरून शोधायला पुण्याहून एक मॅडम आल्या. रानात पडलेली जनावरांची विष्ठा छोट्या डब्यांत भरून त्यांनी प्रयोगशाळेत पाठवली. रिपोर्ट आल्यावर गुणाजीच्याच खळ्यात चहा घेता घेता त्यांनी सगळ्यांना सांगितलं, “तुमचा वाघ म्हणजे बिबट्या. तो इथे आहे, हे नक्की. त्यानं काय काय खाल्लं तेही विष्ठेतून कळलं. कुत्रा, माकड, साळिंदर. कोंबडी मात्र एकदाही नाही.”

गुणाजी एकदम उठून गुरांना पाणी दाखवायला निघाला.



“मॅडम,” आनंदीवहिनी शांतपणे म्हणाली, “एक डबी ह्येंका द्या. सकाळी भरून देतले.”