सूर्याकडे गेलेली सावली

तीन वर्षं प्रियांका एकाच फोटोच्या मागे लागली होती. सूर्यासमोर कॅमेरा धरायची आणि दर वेळी करपलेलं पांढरं आभाळ घेऊन सेलूला परतायची. आज बोरीच्या माळावर तो फोटो मिळाला! मेंढरांच्या लोकरीला सोन्याची कड, कानांत लालबुंद उजेड आणि सगळ्या सावल्या लांबत तिच्याच पायांकडे आलेल्या.

कॅमेरा गळ्यात सोडून तिनं दोन्ही हात वर फेकले. “जमलं, मावशी!”

मेंढरं राखणारी कासाबाई घड्याळ वापरत नसे, सावल्या बघून कळप वळवायची. ती कॅमेऱ्यावर वाकली.

“लय भारी हाय, माय. पर ही एकच सावली उलटी कुनीकडं जायली?”

फोटोच्या खालच्या कडेपासून, जिथं प्रियांका उभी होती तिथून, एक सावली थेट सूर्याकडे गेली होती. दोन्ही हात वर केलेली.

“पण फोटो काढताना माझे हात तर कॅमेऱ्यावर होते!”

घराकडे येणारी मेंढरं समोर अचानक दुभंगली आणि मधली लांबट जागा सोडून दोन्ही बाजूंनी चालू लागली.

प्रियांकानं खाली पाहिलं. तिचे हात आता कॅमेऱ्यावर गच्च होते. त्या जागेत सूर्याकडे पसरलेल्या तिच्या सावलीचे मात्र अजून वरच होते, जिंकल्यासारखे.